लाकडी एंटरप्राइझची सेंटरबोर्ड-पेटी गळतेय: आधी काय उघडायचं?

नॉटिंगहॅमकर

नमस्कार मंडळी. प्लायवूडची जुनी एंटरप्राइझ डिंघी (दोघांची छोटी शिडाची होडी) दुरुस्तीला घेतली आहे. सेल नंबर चार आकडी, म्हणजे क्लासच्या सुरुवातीच्या काळातली. सांगाडा सरळ आहे, डोळ्यांना कुठे पीळ दिसत नाही. तक्रारी अशा:

तलावात तासभर नुसती तरंगत ठेवली तरी तळात चार-पाच लिटर पाणी साठतं. सेंटरबोर्ड (होडी बाजूला सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायची फळी) ज्या पेटीत बसतो तिच्या बुडाशी ओल दिसते, पण नेमकं कुठून येतं ते कळत नाही. ट्रान्समच्या, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीच्या, डाव्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत स्क्रूड्रायव्हर रुततो. व्हार्निश पापुद्रे धरून उडालंय आणि गनवेलच्या (बाजूंच्या वरच्या काठाच्या) कडेनं, स्क्रूंच्या डोक्यांभोवती काळे डाग आहेत. सेंटरबोर्ड फुगलाय, पेटीत अडकतो. डोलकाठी लाकडी आहे, तिची वरच्या बाजूची शिवण अंदाजे ४० सेंमी उघडली आहे. होडी उलटली तर तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या चिकट झाल्यात, त्या बदलणार.

मार्चपर्यंत कोरडं गॅरेज आहे. पुढे क्लबच्या हँडिकॅप शर्यतींत (जिथे वेगवेगळ्या होड्यांचे वेळ आकड्याने जुळवून घेतात) उतरवायची आहे, नुसती शोभेला ठेवायची नाही. कामाचा क्रम काय ठेवू? आणि क्लबातले दोघंतिघं म्हणतात की बाहेरून फायबर मारून टाक, कटकट संपेल. खरंच संपेल का?

सुतारपक्षी

फायबरचं आधी, कारण तो सल्ला ऐकलात तर बाकी काही विचारायची गरज उरणार नाही. जुन्या लाकडावर पॉलिस्टर रेझिन आणि मॅट नीट धरत नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, पॉलिस्टर त्याच्याबरोबर हलत नाही, दोन-तीन हंगामांत कडेपासून सुटतं. सुटलेल्या जागेत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून चकाचक, आत चिखल. इपॉक्सी आणि २०० ग्रॅमचं कापड वापरलं तर चिकटेल, पण वजन मोजा: बाहेरचा पृष्ठभाग साधारण ६ ते ७ चौरस मीटर, विणकाम भरेपर्यंत कापड आणि रेझिन मिळून ४-५ किलो. ही होडीच मुळात ९० किलोंच्या आसपासची. आणि इतकं करूनही पेटीची गळती तशीच राहते, कारण ती बाहेरच्या प्लायमधून येतच नाही. फक्त चाइनच्या (तळ आणि बाजूच्या फळ्या जिथे कोनात मिळतात तिथल्या) कडा झिजून प्लायची तोंडं उघडी पडली असतील तर तिथे ५० मिमी रुंद काचेची पट्टी इपॉक्सीत बसवा, तेवढं पुरे.

आता क्रम. पहिलं काम वाळवणं. सगळं फिटिंग, बाकं, पिशव्या काढा, बुचं उघडा, पुढचं टोक थोडं उंच ठेवा आणि गॅरेजमध्ये डीह्युमिडिफायर लावा. हीटर लावू नका, झटपट वाळलेल्या प्लायचा वरचा पापुद्रा चिरतो. दर आठवड्याला होडी वजनकाट्यावर घ्या (पुढून एक, मागून एक असे दोन साधे काटे चालतात). वजन उतरायचं थांबलं की वाळली. ओलावामापक असेल तर इपॉक्सी लावायच्या जागी १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा, १५ च्या वर असेल तर थांबा. जुनी होडी यात काही किलो सहज हलकी होते, आणि शर्यतीसाठी ते किलो कुठल्याही नव्या शिडापेक्षा स्वस्त.

वाळत असतानाच गळती शोधा. होडी घोड्यांवर सरळ ठेवा, खालून पेटीची खाच पट्टी आणि फोम लावून बंद करा, आतून पेटीभोवती टाल्कम पावडर भुरभुरा आणि वरून पेटीत पाणी भरा. पाणी नेमकं कुठे फुटतं ते पावडरीवर रेघेसारखं उमटतं. तीन जागा संशयित: बोर्ड ज्यावर फिरतो त्या पिनेचा बोल्ट, पेटी आणि हॉग यांचा सांधा (हॉग म्हणजे कण्याची आतली फळी), आणि पेटीची पुढची-मागची उभी टोकं. उत्तर कळेपर्यंत पेटीच्या बुडाशी बाहेरून इपॉक्सीचा गोलवा (कोपरा भरणारा गोलसर थर) ओढू नका. बहुतेक सगळे आधी तेच करतात. पाणी खाचेतून सांध्यात शिरतंच, फक्त आत दिसायचं बंद होतं आणि दोन वर्षांनी हॉगच कुजतो.

ट्रान्समचा कोपरा: पातळ इपॉक्सी पाजून कुजलेलं लाकूड 'घट्ट' करायची कल्पना सोडून द्या. बुरशी लागलेलं लाकूड कापून काढायचं, आणि दिसतं त्याच्या पुढे ५० मिमी निरोगी लाकडापर्यंत. प्लायची फळी असेल तर कडा १ ला ८ उतरत्या करा, म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी लांब उतार. पापुद्र्यांच्या रेघा समांतर दिसल्या की उतार सारखा आलाय हे समजतं, रंध्याला याहून चांगला मापक नाही. ट्रान्सम ठोकळ लाकडाची असेल तर त्याच जातीचा तुकडा, रेषा जुळवून. कोपरे चौकोनी ठेवू नका, गोल ठेवा. तिथे सुकाणूची बिजागरी बोल्टने बसलेली असते. ते बोल्टही बाहेर काढून भोकाच्या आतल्या भिंती तपासा, बऱ्याचदा कूज तिथून सुरू झालेली असते. आणि ही कूज समुद्राची नव्हे. लाकूड कुजवतं ते गोडं पाणी, म्हणजे झाकणाखाली साठलेला पाऊस.

व्हार्निश काढताना हीट गन जपून. जुन्या होड्या युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदाने जोडलेल्या असतात, अति उष्णतेने पापुद्रा सुटतो. गन सतत हलती ठेवा, व्हार्निश नुसतं सुरकुतलं की धारदार स्क्रेपर ओढा. यंत्राने घासायचा मोह आवरा: वरचा पापुद्रा मिलिमीटरभरही नसतो, ८० नंबरचा कागद एका दमात आरपार जातो आणि मग ती फिकट टिकली आयुष्यभर दिसते. आत कुठे रंग असेल तर तो शिशाचा धरून चाला, ओलं घासा, चांगला मास्क लावा.

काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम, ब्रशने लावा, वाळू द्या, मग भरपूर पाण्याने तीनदा धुवा. नुसत्या डागावर लावू नका, पूर्ण फळीभर लावा, नाहीतर तिथे पांढरट बेट उमटेल. धुतल्यावर राहिलेले स्फटिक घासताना नाकात गेले तर चांगलंच झोंबतं. डाग गेला नाही आणि लाकूड मऊ असेल तर तो डाग नव्हेच, ती कूज आहे.

एक विसरू नका: होडीचा नंबर लाकडात कोरलेला असतो. तो कुठे आहे ते घासण्याआधी शोधा आणि त्यावर टेप लावा. मापन प्रमाणपत्राशी होडी जुळवणारी तीच खूण.

खाडीपलीकडचा

सुतारपक्षींशी बहुतेक सहमत, पण एक भर घालतो, कारण पुढचा प्रश्न हमखास 'आतूनबाहेरून इपॉक्सी मारू का' हाच येतो. आतून नको. इपॉक्सीचा थर तेव्हाच कामाचा, जेव्हा फळीच्या सहाही बाजूंनी तो सलग असतो. जुन्या होडीत पट्ट्यांच्या खालचा भाग, चाइनच्या आतला कोपरा, स्क्रूची भोकं इथे ब्रश पोहोचत नाही. तिथून शिरलेला ओलावा मग अडकतो. आत साधं एकघटकी व्हार्निश: पहिला हात निम्मा व्हाइट स्पिरिट घालून, दुसरा पाव, तिसरा दहा टक्के, मग तीन हात न पातळ करता. मधे ३२० चा कागद. आणि जुन्या तेलाच्या व्हार्निशवर दोनघटकी पॉलियुरेथेन चढवू नका, त्याचा सॉल्व्हंट खालचा थर उचलतो.

इथे मुंबई-गोव्याकडे हीच कामं करणाऱ्यांसाठी: मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या. ३०३ हा फर्निचरचा, दुकानदार कितीही वॉटरप्रूफ म्हणो. शिक्का असला तरी तुकडा उघड्या पातेल्यात चार-पाच तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. पापुद्रे सुटले तर पूर्ण शीट परत. कडेने बघून आतल्या थरांत पोकळ्या आहेत का तेही पाहा. वजनाचा हिशेबही आधीच करून ठेवा. आपल्याकडचा ७१० बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचा. इंग्लंडमधला बीएस १०८८ (तिकडचं मरीन प्लायचं मानक) शिक्क्याचा, गबून या हलक्या लाकडाचा प्लाय ४५० किलो प्रति घनमीटरच्या आसपास धरला तर ८ बाय ४ फुटांची ६ मिमी शीट ८ किलो भरते. ७०० च्या प्लायची तीच शीट साडेबारा. तळाची एक फळी बदलायला हरकत नाही, पण सगळी होडी त्यात बांधली तर ती मिरवायला ठीक.

आणखी दोन गोष्टी, आपल्या हवेच्या. ३२ अंशांत जलद हार्डनर वापरला तर डब्यातला माल पाच-सात मिनिटांत धुरायला लागतो. स्लो हार्डनर घ्या, एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. घट्ट व्हायला वेळ मिळावा म्हणून हार्डनर कमी घालणारे महाभाग आहेत. त्याने वेग बदलत नाही, माल कायमचा चिकट राहतो. दुसरं, घरगुती तापमानात सुकलेला इपॉक्सी साधारण ६० अंशांना नरमायला लागतो. एप्रिलच्या उन्हात गडद निळा डेक तेवढा तापतो. डेकला फिकट रंग द्या. जून ते सप्टेंबर व्हार्निशला हातच लावू नका, दुधाळ होतं.

नॉटिंगहॅमकर

पावडरीची युक्ती झकास. दोन जागा सापडल्या. पिनेच्या बोल्टाभोवती ओघळ, आणि पेटीच्या मागच्या टोकाशी हॉगच्या सांध्यात सुमारे २५ सेंमी लांब रेघ. पुढचा भाग कोरडा. खालची पितळी पट्टी काढून एक स्क्रू फिरवून बघितला तर डोकं तुटून हातात आलं, आतला धातू गुलाबी आणि ठिसूळ. म्हणजे पेटी पूर्ण काढायची का? की मागचाच भाग उघडून भागेल?

सुतारपक्षी

पूर्ण काढा. गुलाबी म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलंय, उरलाय तांब्याचा स्पंज. एक स्क्रू असा असेल तर शेजारचेही तसेच. पुढचा सांधा कोरडा आहे तो गोंदाच्या जिवावर, स्क्रूच्या नव्हे.

थ्वार्ट (आडवं बाक) आधी सोडवा, ते पेटीच्या माथ्याला धरून असतं. मग होडी पालथी, खाली गाद्या. प्रत्येक स्क्रूची खाच टोकदार सुईने साफ करा, सोल्डरिंग आयर्न मिनिटभर डोक्यावर टेकवा, मग अगदी मापाच्या स्क्रूड्रायव्हरने आधी किंचित आवळा आणि नंतर सोडा. निम्मे तरीही तुटतील. तुटलेल्याच्या मागे ड्रिल लावू नका, ते घसरून लाकडात जातं. स्क्रूहून जरा मोठ्या व्यासाची पोलादी नळी घ्या, तोंडाला कानशीने चार दात पाडा, ड्रिलमध्ये बसवून स्क्रूभोवतालचं लाकूड गोल कापा, स्क्रूसकट गाभा बाहेर येतो. भोकात त्याच लाकडाची खुंटी इपॉक्सीत बसवा.

पेटी सुटायला तयार नसेल तर जिथे रेघ दिसली तिथून, मागून, पातळ पटाशी किंवा जुनं करवतीचं पातं घालत पुढे या. पहारीचं काम नाही, हॉग फाटला तर दुरुस्तीचं आठवड्याचं काम महिन्याचं होईल. काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग उजळ लाकडापर्यंत खरवडा. पेटीच्या आतल्या भिंती नंतर कधीच इतक्या उघड्या मिळणार नाहीत, म्हणून आत्ताच इपॉक्सीचे तीन हात. प्रत्येक हात वाळल्यावर येणारा मेणचट थर पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, मगच घासा. न धुता घासलं तर तो मेणचटपणा कागदाने लाकडावर पसरतो आणि पुढचा थर धरत नाही.

बसवताना आधी कोरडं जुळवून बघा. मग दोन्ही बाजूंना नुसतं रेझिन-हार्डनर ब्रशने पाजा, पंधरा मिनिटं थांबा, जिथे प्यायलंय तिथे पुन्हा. त्यानंतर मायक्रोफायबर आणि थोडी सिलिका घालून श्रीखंडाइतकं दाट करा आणि भरपूर लावा. मायक्रोबलून इथे नाही, ती लांबी (पुट्टी) भरायची पूड आहे, ताण घेत नाही. खाचेत प्लास्टिक टेप गुंडाळलेले दोन समान जाडीचे ठोकळे ठेवा म्हणजे रुंदी टिकेल. आवळताना सगळा माल पिळून काढू नका. जुना गोंद जबरदस्त दाब मागायचा, इपॉक्सीला मधे थोडी जाडी लागते. बाहेर आलेला माल ओला असतानाच गोल बोथट पट्टीने ओढा, हा गोलवा आता योग्य, कारण मागे बंद सांधा आहे. नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे. पाण्याखाली लाकडात गाडलेल्या स्टेनलेसला हवा मिळत नाही आणि ते आतून खड्डे पडून खराब होतं.

पिनेचं भोक: आहे त्याच्या दीडपट मोठं करा, दाट इपॉक्सीने बुजवा, मग मूळ मापाचं पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. दोन्ही बाजूंना रबराची वॉशर, तिच्या बाहेर धातूची. हेच सेंटरबोर्डाच्या भोकालाही. बोर्ड फुगलाय तो बहुधा त्या भोकातून आणि खालच्या कडेतून पाणी पिऊन. आधी महिनाभर वाळवा, मग रंधा मारा. ओला असताना मापाला आणलात तर वाळल्यावर पेटीत खडखड वाजेल.

एकूण इपॉक्सी किती हा प्रश्न येईलच: तळाला बाहेरून तीन हात, दर हाताला चौरस मीटरमागे ११० ग्रॅम धरून दोन किलोंच्या वर, सांधे आणि वाया जाणारं मिळून साडेतीन किलोंचा संच घ्या. आणि त्यावर ऊन अडवणारं व्हार्निश किंवा रंग हवाच, उघडा इपॉक्सी उन्हात पिवळा पडून पिठासारखा होतो.

वाऱ्याची दिशा

पेटीचं काम झालं, आता डोलकाठी आणि पाणी. उघडी शिवण लाकडाच्या पातळ पाचरीने किंचित फाकवा, सिरिंजने इपॉक्सी भरा, शिडाच्या दोरीच्या खाचेत मेण लावलेली प्लास्टिक नळी घाला (नाहीतर खाचच बुजेल), आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. शेकडो क्लॅम्पपेक्षा सारखा दाब येतो. आवळण्याआधी काठी सपाट पृष्ठभागावर दोरा ताणून सरळ ठेवा. वाकडी चिकटली तर कायमची वाकडी.

आधाराच्या तारा हातमोजा घालून टोकापर्यंत चाचपा. एक जरी बारीक तार उभी राहिलेली लागली किंवा दाबून बसवलेल्या टोकाशी चीर दिसली तर पूर्ण जोडी बदला. ज्या पट्ट्यांना त्या बांधलेल्या आहेत त्यांच्या मागचं लाकूड त्याहून महत्त्वाचं. आजच्या शिडांच्या ट्यूनिंग शीटवरचा ताण नव्या होड्यांसाठी लिहिलेला असतो. तारा बाजूच्या भिंती वर ओढतात, काठी हॉगला खाली रेटते, आणि जुना सांगाडा मधोमध वाकतो. १०० किलोंच्या आसपास सुरुवात करा, मग पेटीच्या त्या नव्या सांध्याकडे आणि बाकांच्या फटींकडे बघत वाढवा. काठीचा मागे झुकाव मोजायचा तर मोजपट्टी मेन (मोठं शीड) चढवायच्या दोरीने माथ्यापर्यंत चढवा आणि ट्रान्समच्या वरच्या कडेच्या मध्यापर्यंत वाचा, तारा ताणलेल्या असताना.

सेल्फ-बेलर (तळातून पाणी आपोआप बाहेर ओढणारी झडप) लावणार असाल तर भोकाच्या कापलेल्या कडा तीन हात इपॉक्सीने बंद केल्याशिवाय नाही. होडीला वेग असेल तरच तो पाणी ओढतो. वारा पडला की बंद करा, नाहीतर तोच पाणी आत घेतो. जुन्या एंटरप्राइझला दुहेरी तळ नाही. उलटल्यावर ती काठोकाठ भरून उभी राहते आणि बादलीशिवाय पर्याय नसतो. बादली दोरीने बांधलेली असू द्या. पिशव्यांचे पट्टे रुंद, स्क्रू आरपार वॉशरवर. पिशवी टिकते, पट्टा उपटतो, असंच बहुधा होतं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं पाडून बघा.

शर्यतीत: जॅक होल्टने १९५६ मध्ये आखलेल्या या होडीला ना स्पिनेकर (वाऱ्यामागे जातानाचं फुगीर शीड), ना ट्रॅपीझ (बाहेर लटकायची तार). नुसतं मेन आणि जिब (पुढचं छोटं शीड), मिळून ११३ चौरस फूट निळं शीड. म्हणून वाऱ्यामागे जाताना जिब काठीने दुसऱ्या बाजूला ताणून धरतात, आणि तिथेच ती डोलायला लागते. डोलायला लागली की मेन थोडं आत घ्या, किकर (मेनच्या खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली ओढणारी दोरी) आवळा, सेंटरबोर्ड पूर्ण वर नको, पाव भाग खाली. नेमकं उलट, म्हणजे घाबरून मेन सोडणं, केलं की वाऱ्याच्या बाजूला कोलमडते. वाऱ्यावर चढताना मात्र सपाट ठेवा. दुहेरी चाइनची होडी कलली की सुकाणू जड होतं आणि ते ब्रेकसारखं काम करतं. मंद वाऱ्यात दोघंही पुढे सरका, ट्रान्सम पाण्यातून सुटली पाहिजे. मागून बुडबुडे आणि गुळगुळ आवाज येत असेल तर अजून पुढे.

हँडिकॅपचा हिशेब: पोर्ट्समथ आकडा (होडीच्या प्रकाराला दिलेला हँडिकॅप) ११२० च्या आसपास धरा, क्लबचा नेमका आकडा सूचनाफलकावर असतो. तुमचा वेळ गुणिले १००० भागिले तो आकडा. ६० मिनिटांची फेरी ५३ मिनिटं ३४ सेकंद धरली जाते. तिकडे जुन्या डिंघींसाठी क्लासिक अँड व्हिंटेज रेसिंग डिंघी असोसिएशन आहे, त्यांच्या शर्यतींत तुमच्यासारख्याच होड्या भेटतील. भारतातही हा क्लास अनोळखी नाही, हैदराबादच्या हुसेनसागरावर एंटरप्राइझ धावतात. १९८२ च्या आशियाई खेळांत मुंबईच्या पाण्यात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं ते फायरबॉलमध्ये, तीही मुळात प्लायवूडचीच रचना.

खाडीपलीकडचा

झाकणाचं कोणी बोललं नाही. ताडपत्री थेट डेकवर अंथरू नका. बूमवर तंबूसारखी, दोन्ही टोकं उघडी, बुचं काढलेली, पुढचं टोक उंच. आणि ट्रान्समच्या त्या कोपऱ्यात अडकलेली पानं दर पावसानंतर हाताने काढा. नवा तुकडाही जुन्या जागीच बसलाय.